अमलदार, या!

अक्का जगातल्या यच्चयावत पुरुषांना अरे-तुरे करीत. दूधवाला, पोस्टमन, देवळातले भटजी, घराची मोजणी करायला आलेला टोपीवाला साहेब, सगळे अरे. मी तर त्यांचा भाडेकरू, तेव्हा माझी गोष्टच सोडा. त्या घरात अहो-जाहोचा मान फक्त कुत्र्याला होता.

कुत्र्याचं नाव अमलदार. म्हैसूर संस्थानात तालुक्याच्या मामलेदाराला अमलदार म्हणत, आणि त्या नावाचा दरारा संस्थान गेल्यावरही पुष्कळ दिवस टिकून होता. हे अमलदार मात्र चिकपेटेच्या बाजारातून आलेले. अक्का खाटेची नवार घ्यायला गेल्या होत्या, परत येताना मागं पाहिलं तर हे चालत होते. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, एक कान उभा, एक पडलेला, वंशावळ विचारू नये अशी. पण चाल इतकी संथ आणि भारदस्त, की बघणाऱ्याला वाटावं, हे दौऱ्यावर निघालेत आणि अक्का त्यांचं दप्तर सांभाळताहेत.

मी बेळगावकडचा. नोकरीसाठी बंगळुरात आलो तेव्हा चामराजपेटेत अक्कांच्या घराची बाहेरची खोली मिळाली. त्यांचं घराणं कधी काळी मराठी फौजांबरोबर तिकडे गेलेलं आणि तिथंच राहिलेलं. मराठी घरात आणि कानडी दारात, अशी तिथली वाटणी. पण दार दिवसभर उघडं असल्यामुळं कानडी बरीच आत आलेली. माझं बोलणं ऐकून अक्का म्हणाल्या, "तू छापल्यासारखं बोलतोस रे. सरी, सरी, चालेल. राहशील तसं सुधारेल."

पहिल्याच संध्याकाळी मी कुत्र्याला चुचकारलं, "ये, ये." त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आतून अक्कांचा आवाज आला, "त्यांस 'या' म्हण. 'ये' कळत नाही त्यांस."

"कुत्र्याला 'या'?"

"मग काय तुला म्हणू?"

मीही हट्टी. चिकपेटेतल्या कुत्र्याला 'या' म्हणायला माझी जीभ वळेना. काही दिवस मी आणि अमलदार एकमेकांशी बोललोच नाही. मग एका सकाळी ते माझ्या उंबऱ्यावर आडवे पसरले. कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवत होती. मी "ऊठ" म्हटलं, "हट" म्हटलं, पाय आपटले. अमलदार ढिम्म. शेवटी इकडं-तिकडं बघून मी हळूच म्हणालो, "उठा." एक डोळा उघडला. "उठा हो साहेब, बस चुकेल माझी." अमलदार उठले, सावकाश आळस दिला आणि बाजूला झाले. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता आणि अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

हे काय प्रकरण आहे, याचं कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. एकदा तांदूळ निवडता निवडता त्यांनीच सांगितलं.

"ह्यांनी तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली. एकामागून एक अमलदार आले, गेले. ह्यांनी सगळ्यांपुढं उभं राहून काढली. एकानंही कधी 'बसा' म्हटलं नाही रे." मग त्यांनी मान वळवली. "अमलदार, बसा." कुत्रा बसला. "बघितलंस? आता माझी परवानगी लागते त्यांस बसायला."

हा सूड आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो. पण सूड घेणारं माणूस सारभात कालवून, त्यातली मिरची वेचून काढून, "जेवा हो, निवतंय," असं म्हणत बसत नाही. आणखी पुष्कळ दिवसांनी, काही न विचारता, अक्का म्हणाल्या, "हे गेले आणि घरात 'अहो' म्हणायला कुणी उरलं नाही. इतक्या वर्षांची जिभेची सवय. म्हटलं नाही तर तोंड आंबतं." एवढं बोलून त्या लगेच उठून अमलदारांच्या अंगावरचे गोचीड काढायला लागल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा जर्मनीत होता. यंत्रांचं शिक्षण घ्यायला म्हणून गेला, तिथंच नोकरीला लागला, आणि एक दिवस त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केल्याचं कळवलं. आळीतल्या बायका सुतकाला आल्यासारख्या येऊन बसल्या. अक्कांनी त्यांना कॉफी दिली. त्या गेल्यावर मला बोलावून म्हणाल्या, "त्याला लिही. विचार, ती त्याला अरे म्हणते की अहो?"

"अक्का, त्यांच्या भाषेत असलं काही नसेल."

"तू लिही रे."

उत्तर आलं. तिथंही अरे आणि अहो असतं, परक्याला आणि मोठ्याला अहो म्हणतात. पण नवराबायको मात्र एकमेकांना अरे-तुरेच करतात. मला वाटलं, आता आकांत होणार. पण अक्का खूश झाल्या. "हौदा? असं? तिथंही आहे?" म्हणाल्या. "मग माणसं बरी असतील. आता विचार, सासूला काय म्हणते?" ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र आलं नाही. बहुधा मुलालाच ते ठाऊक नव्हतं.

मग सुनेला दिवस गेल्याची बातमी आली, आणि तिच्या मागोमाग बोलावणं. आई, तिथला गाशा गुंडाळ आणि आमच्याकडे राहायला ये. घर बंद ठेवायचं, बाहेरच्या खोलीत मी राहायचं, अशी सगळी व्यवस्था त्यानं तिथूनच लावली होती. अक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"तो 'ये' म्हणतो," त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे, पोटचा पोरगा आहे. पण घर बाईचं असतं. तिनं 'या' म्हणायला नको? घरच्या बाईनं 'या' म्हटल्याशिवाय मी शेजारी विरजण मागायलासुद्धा गेले नाही."

"एवढंच ना? मी कळवतो त्याला. एक शब्द शिकवायला कितीसा वेळ लागतो?"

"बेड, नको!" अक्का एवढ्या जोरानं म्हणाल्या की अमलदारांचा पडलेला कानही उभा राहिला. "शिकवून म्हटलेलं 'या' पोपटाचं. मला नको. तू लिहिलंस तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे."

आणि त्यांनी आपला बेत सांगितला. जायचं. दारापर्यंत जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. सुनेनं आपल्या तोंडानं 'या' म्हटलं तर आत पाऊल, नाहीतर मुलाला डोळे भरून बघायचं आणि परतीच्या बोटीनं चामराजपेट. आळीतल्या लोकांना ही थट्टा वाटली. मी त्या घरात पुरेसा राहिलो होतो, त्यामुळं मला वाटली नाही. ज्या मुलीनं जन्मात मराठीचं एक अक्षर ऐकलेलं नाही तिच्या तोंडून 'या' निघायचं, आणि ते न शिकवता! म्हणजे नातवंडाचं तोंड न बघताच ही बाई परत येणार, हे मला लख्ख दिसत होतं.

अमलदारांना माझ्याकडे ठेवावं असं सगळ्यांनी सुचवलं. मी तयारही होतो, आता मला 'बसा-उठा' सवयीचं झालं होतं. पण अक्का ऐकेनात. "तिथं मला कुणी 'या' म्हटलं नाही, तर मी तरी कुणाला म्हणू?" एवढंच म्हणाल्या.

कुत्रा परदेशी न्यायचा तर तो पिसाळणार नाही अशी सुई टोचून घ्यावी लागे आणि त्याच्या प्रकृतीचा सरकारी दाखला लागे. त्या कचेरीतला प्रसंग मी अजून घरी सांगतो. अक्का टेबलापुढं उभ्या राहिल्या, मी मागं. बोलणं सगळं कानडीत चाललेलं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "दाखला कुणाचा?"

"अमलदारांचा."

कारकून खुर्चीतून अर्धा उठला. "अमलदारांचा? स्वतः आलेत?"

"आलेत ना. बाहेर झाडाखाली थांबलेत."

"अय्यो! बाहेर कशाला?" त्यानं शिपायाला हाक मारली. शिपायानं आपल्या खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसली आणि अक्कांपुढं ठेवली. "बन्नी अम्मा, बन्नी. कूतकोळ्ळी." या, बसा. अक्का त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून हळूच बसल्या, आणि बसल्यावर दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"अम्मा, त्यांना आत बोलवा की."

"अमलदार, या!" अक्कांनी मराठीत हाक दिली.

सगळी कचेरी उभी राहिली. दारातून अमलदार आले, आपल्या नेहमीच्या चालीनं, इकडं-तिकडं पाहणी करत. आता बसावं की उभं राहावं हे कुणालाच समजेना. शेवटी कोपऱ्यातला एक म्हातारा हेडक्लार्क पोट धरून हसायला लागला. ज्यानं जन्मभर खऱ्या अमलदारांची बोलणी खाल्ली असतील असा तो चेहरा होता. त्यानंच दाखल्यावर शिक्का मारून घेतला, आणि अमलदारांना दारापर्यंत पोचवायला आला.

त्या संध्याकाळी मी किल्ली मागायला आत गेलो तर अक्का नवऱ्याच्या तसबिरीपुढं उभ्या होत्या. "अहो, ऐकलंत का," त्या सांगत होत्या, "कचेरीत खुर्ची दिली मला. पुसून." मी किल्ली न मागताच परतलो.

मी रजा काढून त्यांना मुंबईपर्यंत पोचवायला गेलो. अमलदार गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर अक्का खाली उतरत, डब्यापाशी जाऊन "आहात ना?" म्हणून विचारत आणि गाडी हलायच्या बेताला धापा टाकत परत येत. पुण्यापर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

बोट इटालियन होती. पोचवायला आलेल्यांना काही वेळ वर जाऊ देत, म्हणून मीही चढलो. कुत्र्यांचे पिंजरे वरच्या डेकवर होते आणि त्यांची देखभाल, बोटीच्या रिवाजाप्रमाणं, बोटीवरच्या खाटकाकडे. तो दांडगा माणूस ॲप्रनला हात पुसत पुढं आला.

"कोण रे हा?" अक्कांनी विचारलं.

"खाटीक," मी सांगून टाकलं.

अक्कांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सरी," मग म्हणाल्या, "जनावराची पारख तरी असेल." आणि त्यांनी त्या माणसाला हातवारे करून सांगायला सुरुवात केली. दहीभात. मिरची नको. हाडूक तर मुळीच नको. आणि अरे-तुरे नको. तो गृहस्थ छातीवर हात ठेवून मोठ्या अदबीनं म्हणाला, "सी, सी, सिन्योरा."

"शी शी म्हणतो बघ दहीभाताला!"

बाजूला एक गोव्याचा खलाशी दोर गुंडाळत होता. तो हसून म्हणाला, "ना गो बाये, तो 'व्हय' म्हणता. तांच्या भाशेंत व्हय म्हणजे सी."

अक्कांचा चेहरा उतरला. अख्ख्या प्रवासात, अख्ख्या तयारीत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. ते तेव्हा बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "'हो'ला शी म्हणतात? कसल्या मुलखात चाललेय रे मी?" माझ्याही मनात तेच होतं. ह्यांच्याकडे 'हो'ची ही गत, तर आमचं 'या' कुणाच्या तोंडून निघायचं?

भोंगा झाला. अक्कांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं. "अमलदार, बसा." ते बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येते रे."

आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही आणि 'येते'ला उत्तर 'या' असंच द्यायचं असतं. मी "या" म्हणालो. पण परतीच्या बोटीनं येऊ नका, असंही मनातल्या मनात म्हणालो.

त्यानंतर कितीतरी दिवस फाटक वाजलं की मी खिडकीशी जाई. पण अक्का आल्या नाहीत. मुलाचं चार ओळींचं कार्ड आलं, आई सुखरूप आहे, मुलगी झाली. बाकी काही नाही. दारात काय झालं, ह्या एका कुतूहलानं मला पोखरलं.

ते कळलं पुढं मुलगा कंपनीच्या कामासाठी एकटाच बंगळुरास आला तेव्हा. तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी बसवनगुडीत बिऱ्हाड केलं होतं. तिथल्याच एका कॉफीच्या दुकानात आम्ही बसलो.

"मला आईच्या त्या अटीचं काही माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "मी बंदरावर घ्यायला गेलो. तिथून आगगाडीनं घरी. बायकोचे दिवस भरत आलेले, ती घरीच. बिचारीनं आठवडाभर 'नमस्कार' पाठ केला होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आई नऊवारीवर माझा ओव्हरकोट घालून दारात उभी, शेजारी कुत्रा, मी मागं जिन्यात ट्रंक घेऊन. बायकोनं दार उघडलं आणि आईला बघून सगळं विसरली. नमस्कार नाही, काही नाही. मी जिन्यातूनच तिच्या भाषेत ओरडलो, 'ही माझी आई.' तर ती दोन्ही हात पुढं करून घाईघाईनं म्हणाली, 'या, या!'"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे? तू शिकवलं नव्हतंस?"

"मुळीच नाही. अरे, जर्मन भाषेत 'हो'ला 'या' म्हणतात. ती आपली 'हो, हो' म्हणत होती."

मी खुर्ची पुढं ओढली. "आणि मग?"

"कुत्रा कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ते तुला माहीत आहे. तो तडक आत गेला. आई मात्र मागं वळली. मला म्हणाली, 'तू शिकवलंस?' मी म्हटलं, 'काय?' ती म्हणाली, 'देवाशपथ?' मी ट्रंकेच्या वजनानं मेटाकुटीला आलेलो, म्हटलं, 'देवाशपथ!' मग तिनं उजवं पाऊल आत टाकलं."

मी हसायला लागलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना. दुकानातला पोऱ्या पाणी घेऊन आला. मुलगा पुढं सांगत होता. घरात टेलिफोन होता आणि बायको त्यावर बोलताना सारखं 'या, या' म्हणे. प्रत्येक 'या'ला अमलदार जिथं असतील तिथून उठून तिच्यापुढं येऊन उभे राहत. आपल्यावर ह्या कुत्र्याचा फार जीव जडला आहे अशी तिची समजूत झाली. तिनं त्यांच्यासाठी लोकरीची घोंगडी विणली. "आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तूही सांगू नको."

अक्का पुन्हा बंगळुरास आल्या त्या साठ साल उलटून गेल्यावर, सून आणि नात घेऊन, काही दिवसांसाठी. मी धावतच चामराजपेटेत गेलो. सून नातीला घेऊन देवळाकडे गेली होती, अक्का ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. "ये रे," म्हणाल्या. "जाडा झालास."

माझी नजर त्यांच्या पायाशी गेली. तिथं कुणी नव्हतं. अक्कांनी ते ओळखलं.

"अमलदारांची बदली झाली रे. वर." त्यांनी बोट आभाळाकडे केलं. "मागच्या थंडीत. शेवटी शेवटी उठवत नव्हतं त्यांस. तरी ती टेलिफोनवर बोलायला लागली की मान वर करत. ती रडली, माझ्यापेक्षा जास्त."

मग मला राहवेना. वचन वगैरे विसरून मी विचारलं, "अक्का, तिकडे 'या' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे?"

"चौथ्या दिवशी कळलं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पाववाल्याला 'या', पोस्टमनला 'या', टेलिफोनला 'या'. आणि अमलदार सोडून येत कुणीच नाही. मी काय वेडी आहे?"

"मग परत नाही आलात?"

"तोवर पोर झाली होती. तिला न्हाऊ कोण घालणार? तुला येतं?" आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि मला बघून 'हो' तर म्हणाली ना रे ती. सासूला दारात बघून. आमच्या आळीतली एक दाखव अशी. पण पोराला सांगू नको. त्याला वाटतं मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी दार वाजवलं. दार उघडलं ते सुनेनं. उंच, पिंगट केसांची, वायलच्या साडीत जराशी अवघडलेली. हिच्याशी कुठल्या भाषेत बोलावं ते मला कळेना. तोंडातून आपसूक मराठीच निघालं, "अक्का आहेत का?"

ती हसली. "या," म्हणाली.

मी उंबऱ्यातच घुटमळलो. आहेत, असं तिनं तिच्या भाषेत सांगितलं, की आत या, असं आमच्या भाषेत म्हटलं? एवढ्या वर्षांत तिला दोन्ही येत असणार. विचारावं असं फार वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का कडाडल्या, "अरे, दारात काय उभा आहेस? ती 'या' म्हणाली ना?"

त्या घरात मी इतकी वर्षं काढली, पण तिथं मला आजवर कुणी 'या' म्हटलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि अमलदारांच्या चालीनं, सावकाश, आत गेलो.